अहो, ऐकताय ना?

वाचकाचे पत्र

माझे वय ६१, यजमानांचे ६४. नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्यामुळे तीन वर्षांपासून आम्ही घोडबंदर रस्त्यावर वाघबीळला, अठराव्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहतो. हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात टोरांटोला असतात. घरात आम्ही दोघेच. सकाळच्या चहापासून रात्री डोळा लागेपर्यंत यांच्या हातात फोन असतो. आधी बातम्या, मग मित्रांचे ग्रुप, मग एकामागून एक छोटे व्हिडिओ. मी काही बोलले की 'हं' एवढेच उत्तर मिळते. गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या माझ्या मोठ्या बहिणीला रुग्णालयात दाखल केल्याचे मी सांगितले, तर हे म्हणाले, 'हं, बरे झाले.' भांडण नाही, दारू नाही, पैशाची चिंता नाही. त्यामुळे कोणाला सांगायला जावे तर लोक हसतात. मुलगा म्हणतो, 'आई, तूही तुझे काहीतरी बघत जा ना.' त्यानेच पाठवलेल्या टॅबवर दर रविवारी नातीशी बोलणे होते. तेवढा एक तास माझा आनंदाचा, पण त्या तासातही यांच्या हातात फोन असतोच. परवा नातीने विचारले, 'आजोबा, तुम्ही कुठे बघताय?' आता मी काही सांगणेच सोडून दिले आहे. यांच्या फोनचा रिचार्ज बंद करायला मुलाला सांगू का? की मीच जास्त अपेक्षा करते आहे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. तुम्ही जास्त अपेक्षा करत नाही. सख्ख्या बहिणीला रुग्णालयात नेले आहे हे सांगताना समोरच्या माणसाने मान वर करावी, ही अपेक्षा जास्त ठरत असेल तर संसारात अपेक्षा म्हणून काही उरणारच नाही. भांडण नाही, दारू नाही, पैशाची चिंता नाही, असे लिहून तुम्ही जणू दुःख झाल्याबद्दल आधीच माफी मागून ठेवली आहे. ती मागू नका. मोबाइलबद्दल माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रे मुलांविषयी आई-वडिलांनी लिहिलेली असतात. साठीच्या नवऱ्याच्या मोबाइलविषयी साठीच्या बायकोने लिहावे हे आपल्याकडे अजून कोणाला फारसे सुचलेले नाही, पण म्हणून ते घडत नाही असे नाही. संध्याकाळी कोणत्याही मोठ्या संकुलाच्या बागेतील बाकांवर नजर टाकली तरी ते दिसते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती 'आता मी काही सांगणेच सोडून दिले आहे' या वाक्याची. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. आई आपल्या तान्ह्या बाळाशी हसत, बोलत खेळत असते; मग सांगितल्याप्रमाणे ती काही मिनिटे चेहरा अगदी कोरा ठेवून नुसती बाळाकडे बघत बसते. बाळ आधी हसून बघते, मग आवाज काढते, हात पुढे करते, जेवढे त्याला येते तेवढे सगळे करून बघते, आणि तरीही समोरून काहीच येत नाही असे झाल्यावर मान फिरवते. आई कुठे गेलेली नसते, रागावलेली नसते, हाताच्या अंतरावर बसलेली असते. मोठ्या माणसांचे दुःख याहून वेगळे असते असे मला वाटत नाही. तुम्हीही हसून, विचारून, चिडून, रुसून पाहिले असेल, आणि आता मान फिरवली आहे. यजमानांचा फोन ही अडचण आहेच, पण दोघांपैकी एकाने सांगणे सोडले की दुसऱ्याला ऐकायची संधीही उरत नाही. म्हणून माझा सल्ला इथून सुरू होतो, की सांगणे सोडू नका, फक्त सांगण्याची वेळ आणि पद्धत बदला.

'हं' या शब्दाचेच बघा ना. आपल्या घरांत तो शब्द किती मोलाचा होता! गोष्ट सांगताना आजी मध्येच थांबायची आणि म्हणायची, 'हुंकार द्या रे, झोपलात की काय?' हुंकार आला की गोष्ट पुढे सरकायची. ऐकणाऱ्याचा 'हं' म्हणजे 'पुढे सांग, मी इथेच आहे' असा निरोप असायचा. आता तोच शब्द बोलणे थांबवण्यासाठी वापरला जातो, आणि ऐकणाऱ्यालाही आपण तो तसा वापरतो आहोत याचा पत्ता नसतो. एक गोष्ट मी बऱ्याच खात्रीने सांगू शकते: 'हं, बरे झाले' हे शब्द आपण बोललो, हे तुमच्या यजमानांना आज आठवतही नसेल. त्यांच्या कानावर तुमच्या वाक्यातला 'दाखल केले' एवढाच तुकडा पडला असेल आणि काहीतरी काम मार्गी लागले असे समजून त्यांनी त्यावर एक ठरीव शब्द ठेवून दिला असेल. पोळ्या लाटताना रेडिओ ऐकता येतो, कारण एक काम हातांचे असते आणि दुसरे कानांचे. परंतु वाचणे आणि ऐकणे ही दोन्ही भाषेचीच कामे आहेत, आणि वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्याच क्षणी दुसरे वाक्य शिरायला जागा नसते. हे त्यांच्या बाजूने केलेले समर्थन नव्हे. त्यांनी दुर्लक्ष केले ते तुमच्या बहिणीकडे की तुमच्या आवाजाकडे, हे तुम्हाला नीट कळावे म्हणून सांगते आहे.

म्हणून ती गोष्ट त्यांना एकदा, स्पष्टपणे सांगा. दुपारी जेवण झाल्यावर, ताटे उचलण्याआधी, फोन हातात नसेल अशी वेळ बघा. आवाज चढवू नका, पण शब्द गिळूही नका. 'गेल्या महिन्यात ताईला अ‍ॅडमिट केले तेव्हा मी तुम्हाला सांगितले, आणि तुम्ही बरे झाले म्हणालात. मला ते फार लागले' एवढे पुरे आहे. त्याला 'तुमचा तो मेला मोबाइल' असे शेपूट जोडू नका, कारण मग सगळे बोलणे मोबाइलवर जाईल, ते आपल्या बचावासाठी तुम्ही बघत असलेल्या मालिकांची आठवण काढतील, आणि बहीण बाजूलाच राहील. तुमचा विषय तुमच्या मनाला लागलेली गोष्ट हा आहे. त्यावरून ढळू नका.

इथे एक वेगळी शंका मांडते. यजमानांचे कान तपासून घेतले आहेत का? वयोमानाने कमी होणारे ऐकू येणे एकदम कमी होत नाही. आधी बारीक, उंच पट्टीतील आवाज जातात, 'स', 'श', 'फ', 'थ' अशी अक्षरे पुसट होतात, बायका-मुलांचे बोलणे ऐकू येते पण कळत नाही, आणि शेजारच्या खोलीत पंखा किंवा कुकर चालू असेल तर तेही नाही. अशा माणसाला 'काय म्हणालीस?' हे दहा वेळा विचारण्याची लाज वाटते आणि तो 'हं' वर भागवू लागतो. फोन मात्र त्याला सोयीचा वाटतो, कारण तिथे आवाज हवा तेवढा वाढवता येतो आणि अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. सगळा दोष कानांचाच आहे असे मी म्हणत नाही, पण चौसष्टाव्या वर्षी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेण्यात तोटा काहीच नाही, आणि त्यात कमी आढळली तर तुमचा अर्धा राग जागच्या जागी निवेल. तुम्हीही त्यांच्याबरोबर स्वतःची तपासणी करून घ्या. म्हणजे त्यांना एकट्याला आरोपी केल्यासारखे वाटणार नाही. याच बरोबर हेही बघा, की त्यांची झोप, भूक आणि पूर्वीच्या आवडी शाबूत आहेत का. निवृत्तीनंतर मन खचलेली माणसे पुष्कळदा रडत नाहीत, तर तासन्‌तास फोनमध्ये बसून राहतात, आणि तसे वाटले तर डॉक्टरांना तेही सांगायला हवे.

आता फोनविषयी. या वस्तूने घरात केलेला एक बदल असा आहे की तो आपल्या चटकन ध्यानात येत नाही. पूर्वी माणसाच्या हातातली वस्तू पाहून तो काय करतो आहे ते घरातल्या सगळ्यांना कळायचे. वर्तमानपत्र उघडलेले असेल तर बाबा बातम्या वाचत आहेत, पासबुक असेल तर हिशेब चालला आहे, पंचांग असेल तर लग्नाची तिथी बघणे सुरू आहे, आणि पत्ते असतील तर त्यांना हाक मारायला हरकत नाही. आता बातमी, बँक, पंचांग, पत्ते, मित्राच्या निधनाचा निरोप आणि मांजराचा व्हिडिओ या सगळ्यांसाठी एकच वस्तू आहे आणि मान खाली घालून बसण्याची एकच पद्धत. त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाला आत काय चालले आहे याचा सुगावा लागत नाही, आणि जे दिसत नाही त्याबद्दल मन वाईटच धरून चालते. तुम्हाला दिवसभर 'हे फोनमध्ये आहेत' एवढेच दिसते. त्यातली वीस मिनिटे तुमच्याच औषधांची ऑर्डर देण्यात गेली असतील तर ती तुमच्या खात्यावर कुठेच जमा होत नाहीत. वर्तमानपत्राचे आणखी एक होते, की त्याची पाने घरात वाटली जायची आणि कोणीतरी 'हे ऐकलेस का?' म्हणून मोठ्याने वाचायचे. यजमानांना एवढीच विनंती करून बघा, की दिवसभरात जे आवडले असेल त्यातले एक काहीतरी संध्याकाळच्या चहाला मोठ्याने वाचून किंवा दाखवून सांगा. सुरुवातीला ते एखादा विनोद पाठ केल्यासारखा सांगतील. तरी ऐका, हुंकार द्या.

दुसरा बदल मात्र मला अधिक मोठा वाटतो. तुमच्या नौपाड्याच्या इमारतीत एखाद्या बिऱ्हाडीच फोन असेल आणि बाकीच्यांच्या पत्रिकांवर, अर्जांवर तोच नंबर 'पी. पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, म्हणून छापला जात असेल. तो वाजला की 'तुमचा फोन आलाय' अशी जिन्यातून हाक यायची, माणूस ओल्या हातांनी धावायचा, आणि परत येईपर्यंत कोणाचे काय बरे-वाईट झाले ते मजल्याला कळलेले असायचे. त्यात खासगीपणा नव्हता, हे खरे, आणि मला ते दिवस परत यावेत असे वाटत नाही. पण घरातली कामे करताना माणसे भेटत होती, हेही तेवढेच खरे. वीजबिलाची रांग, बँकेत पासबुक भरून घेणे, गडकरी रंगायतनच्या खिडकीवर नाटकाच्या तिकिटासाठी उभे राहणे, गॅसचा नंबर लावणे, जांभळी नाक्यावरून महिन्याचे सामान आणणे ही कामे कंटाळवाणी होती, आणि प्रत्येक कामात 'काय साहेब, बरेच दिवसांनी?' म्हणणारा एकतरी माणूस होता. २००७ मध्ये आयफोन आला, २०१० मध्ये आयपॅड आला, २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला. त्या दहा वर्षांत ही सगळी कामे एकेक करून खिशातल्या त्या पाटीवर येऊन बसली. सोय झाली यात वाद नाही. परंतु कामे गेली तशी त्या कामांतली माणसेही गेली, आणि ज्याची नोकरीही सुटली, राहता परिसरही सुटला, त्याच्याकडे भेटण्याचे निमित्तच उरले नाही. तुमच्या यजमानांचे नेमके तेच झाले आहे. नौपाड्यात जिना उतरला की ओळखीचा माणूस होता. वाघबीळला अठरा मजले लिफ्टने उतरून खाली आल्यावर समोर मेट्रोच्या कामाने कोंडलेला घोडबंदर रस्ता आहे. त्यांनी फोनमध्ये जाऊन बसणे हे कारण थोडे आणि परिणाम जास्त आहे, असे माझे मत आहे, आणि तुमच्या एकटेपणाचेही एक मूळ तिथेच असावे. तुम्हालाही तिथे हाक मारायला कोणी नाही. म्हणून त्यांचा 'हं' तुम्हाला दुप्पट लागतो.

त्या छोट्या व्हिडिओंविषयी थोडे समजून घ्या, म्हणजे आपण त्या व्हिडिओंपेक्षा कंटाळवाण्या आहोत का, हा प्रश्न तुमच्या मनात येणार नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, वर्तमानपत्र संपते, दूरदर्शनवरचा कार्यक्रम संपायचा आणि मग माणूस उठायचा. फोनवरचे पान मात्र बोट सरकवले की खाली वाढतच जाते. ही तळ नसलेल्या पानाची कल्पना एझा रास्किन या तरुण अभियंत्याने २००६ मध्ये प्रत्यक्षात आणली आणि पुढे त्याबद्दल त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी फोन येण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते, की कळ दाबल्यावर दरवेळी दाणा मिळाला तर प्राणी पोट भरल्यावर थांबतो, पण कधी मिळतो, कधी मिळत नाही असे ठेवले तर तो कळ दाबतच राहतो. दहा फालतू व्हिडिओंनंतर एखादा खरोखर चांगला लागतो, आणि त्या एकाच्या आशेवर अकरावा, बारावा बघितला जातो. म्हणून यजमान तुमच्यापेक्षा फोनला अधिक मानतात असा अर्थ काढू नका. माणसाला उठू न देण्यासाठीच जी गोष्ट तयार केली आहे, तिच्यापुढे एक निवृत्त, एकटा पडलेला माणूस बसला आहे.

रिचार्ज बंद करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, डॉक्टरांचे अहवाल, मुलाचा फोन हे सगळे त्याच नंबरवर येते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौसष्ट वर्षांच्या माणसाला न विचारता, परदेशातल्या मुलाकडून त्याचा फोन बंद करवणे हा त्याचा अपमान आहे. तो ते आयुष्यभर विसरणार नाही आणि तुम्हालाही नंतर पश्चात्ताप होईल. जे काही ठरवायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे. बहुतेक फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' नावाची सोय असते आणि दिवसात कशावर किती वेळ गेला ते तिथे दिसते. तो आकडा त्यांचा त्यांनी उघडून बघितला तर त्याचा उपयोग होतो, तुम्ही पुरावा म्हणून समोर ठेवलात तर होत नाही. ग्रुपच्या सूचनांचे आवाज बंद करणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याने दिवस बराच शांत होतो. आणखी एक सांगून ठेवते: दिवसभर एकट्याने फोनवर असणारी ज्येष्ठ माणसे 'डिजिटल अरेस्ट'सारख्या फसवणुकीची सोपी शिकार होतात. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करत नाहीत. असा फोन आला तर आधी एकमेकांना सांगायचे, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, एवढे तुम्ही दोघांनी आजच ठरवून ठेवा.

मिळून ठरवण्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हातात शाळेसाठी मोबाइल आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात, असे दिसल्यावर २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावाने रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथे मुलांचे फोन काढून घेऊन मोठी माणसे स्वतः मालिका बघत बसली नाहीत. नियम सगळ्यांना एकच होता, आणि त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही होते. तुमच्या घरात भोंग्याची गरज नाही. रोजच्या दिव्याबत्तीपासून रात्रीची जेवणे होईपर्यंतचा वेळ दोघांनीही फोन बाजूला ठेवायचा, तुमची मालिकाही त्या वेळात नको, असे म्हणून बघा. 'तुम्ही ठेवा' यापेक्षा 'आपण ठेवू या' हे त्यांना ऐकायला सोपे जाईल.

आणि 'बाजूला' म्हणजे कुठे, हे ठरलेले असावे. जुन्या फोनला घरात एक जागा असायची: कोपऱ्यातले छोटे टेबल, त्यावर क्रोशाचा रुमाल, खाली डिरेक्टरी, दोरीला बांधलेले पेन. माणूस फोनकडे जायचा, बोलायचा आणि परत माणसांत यायचा. आताच्या फोनला जागा नाही, तो उशीखाली असतो, ताटाशेजारी असतो, देवघरात सुद्धा असतो. आमच्या घरी आम्ही दोन वर्षांपूर्वी दारापाशी, चपलांच्या कपाटावर एक पितळी ताटली ठेवली. माझ्या सासूबाईंची, कडेला ठेच लागून वाकलेली. संध्याकाळी आत येताना किल्ल्या आणि फोन त्या ताटलीत जातात. पहिल्या आठवड्यात माझाच हात दर पाच मिनिटांनी रिकाम्या कमरेशी जात होता, आणि जेवताना आम्ही दोघे एकमेकांकडे बघून बोलायला विषय शोधत होतो. ती शांतता सोपी नव्हती. तुमच्या घरीही ती येईल. तिला घाबरून टीव्ही लावू नका. वाजला तर फोन दारापाशी जाऊन, उभ्याने घ्यायचा आणि परत यायचे, एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगते.

फोन बाजूला ठेवल्यावर त्या रिकाम्या झालेल्या वेळात काय घालायचे, याचा विचार मात्र तुम्ही करायला हवा, आणि माझ्या मते तुमच्या दोघांकडे त्यासाठी फार सुंदर निमित्त आहे. तुमची नौपाड्याची इमारत बांधली जात आहे. महिन्यातून एकदा दोघे मिळून ती कुठवर आली ते बघायला जा. टीएमटीच्या बसने जा, गर्दीची वेळ टाळून. कितवा स्लॅब पडला ते यजमानांनी वहीत लिहावे. निवृत्त माणसाला असे काम आवडते. तुमच्यासारखेच तुमचे जुने शेजारीही कोणी कळव्याला, कोणी कासारवडवलीला, कोणी ऐरोलीला पांगले असतील, आणि इमारतीचा ग्रुप तर यजमानांच्या फोनवर असणारच. ज्या ग्रुपवर सध्या नुसती सुप्रभाताची फुले येतात, त्यावर त्यांनीच एक निरोप टाकावा, की पहिल्या रविवारी सकाळी आम्ही साइटवर येत आहोत, नंतर तलावपाळीला बसू, ज्यांना जमेल त्यांनी यावे. चार जण आले तरी पुष्कळ झाले. येताना मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व पुन्हा सुरू करता आले तर बघा; १८९३ पासून ठाण्यात उभी असलेली ही संस्था आहे, आणि पुस्तक बदलायला जाण्याचे निमित्त दर पंधरा दिवसांनी आपोआप येत राहते. पासबुक बँकेत जाऊन भरून आणणे, भाजी ऑनलाइन न मागवता आठवड्यातून एकदा जांभळी नाक्याला जाऊन आणणे, अशी दोन-तीन कामे मुद्दाम जुन्या पद्धतीने ठेवा. वेळ वाचवण्याची घाई आता तुम्हा दोघांनाही नाही.

मुलाने सुचवलेले 'तूही काहीतरी बघत जा' हे उत्तर मला पटत नाही. तो वाईट हेतूने म्हणत नाही. आईला करमावे एवढेच त्याला वाटते. पण एका खोलीत दोन माणसे दोन पडद्यांत गेली तर तक्रार संपेल आणि सोबतही संपेल. त्याला तुम्ही मोकळेपणाने लिहा, की मला करमणूक नको आहे, मला बोलायला माणूस हवे आहे, आणि आठवड्यातून एकदा नुसता आवाजाचा फोन तू वडिलांना वेगळा कर. वडील आणि मुलगा तुमच्यामार्फत बोलत असतील, तर तेही बदलायला हवे.

मी फोनच्या विरोधात आहे असे मात्र समजू नका. काही दिवसांपूर्वी ठाणे स्टेशनच्या फलाटावर एक तरुण फोन समोर धरून, एका हाताने खुणा करत कोणाशी तरी बोलत होता. त्याला ऐकू येत नव्हते. पडद्यावरची मुलगी खुणांनीच उत्तर देत होती, आणि मध्येच दोघे जोरात हसले. मी गाडी सोडून बघत उभी राहिले. माझ्या लहानपणी आमच्या आळीत असाच एक मुलगा होता, त्याच्यासाठी दूरचे माणूस म्हणजे फक्त पत्र होते. तुमची नात सात समुद्रापलीकडे असून तुम्हाला तिचा पडलेला दात दिसतो, ती मराठीत 'आजोबा, तुम्ही कुठे बघताय?' असे विचारते, हे त्या टॅबमुळेच. ज्या घरातल्या पोरीला पाचव्या वर्षी आजोबांची नजर चुकल्याचे कळते, त्या घराचे नाते तुटायला आले आहे असे मी मानणार नाही.

म्हणून यजमानांशी बोलण्याची सुरुवात तुमच्या तक्रारीपासून न करता नातीच्या प्रश्नापासून करा. रविवारची संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडची सकाळ. तिला तेव्हा खायला बसवलेले असेल. कॉलच्या आधी यजमानांचा फोन दारापाशी ठेवू द्या, टॅब जेवणाच्या टेबलावर असा उभा करा की तिला दोघेही दिसतील, आणि त्यांच्या हातांना काहीतरी काम द्या, कारण सवय झालेले हात रिकामे राहिले की ते फोन शोधतात. मटारचा हंगाम असेल तर पुढ्यात शेंगांची परडी ठेवा, नसेल तर लसूण सोलायला द्या. प्रत्येक शेंगेत किती दाणे निघाले ते त्यांनी तिला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचे आणि तिने मराठीत मोजायचे. बहुतेक पोरे मराठीत मोजताना एकोणतीसपाशी अडतात. तिथे आजोबांना तिला सांगावे लागेल.

कानांच्या तपासणीचे काय झाले ते मला नक्की कळवा.